१९६९ ची शेवरोले सी-१० : घरच्या गॅरेजमध्ये दुरुस्ती आणि आधुनिकीकरण कोणत्या क्रमाने करावे?

प्रश्न : कोलंबसकर (ओहायो)

सर्वांना नमस्कार. आमच्या भागातील एका शेतकरी कुटुंबाकडून मी नुकताच १९६९ सालचा शेवरोले सी-१० पिकअप ट्रक विकत घेतला. हौदा लांब असून व्हीलबेस (पुढच्या आणि मागच्या चाकांमधील अंतर) १२७ इंचांचा आहे. २५० घनइंचांचे, एका रांगेत सहा सिलिंडर असलेले मूळ इंजिन, स्टिअरिंगच्या दांड्यावरील तीन गिअरची रचना आणि चारही चाकांना ड्रम ब्रेक, असे सारे जसेच्या तसे आहे. इंजिन सुरू होते, थंड असताना थोडे अडखळते, पण गरम झाल्यावर बरे चालते.

मुख्य दुखणे गंजाचे आहे. ओहायोच्या हिवाळ्यात रस्त्यांवर टाकलेल्या मिठाने दोन्ही दारांखालचा पत्रा, केबिनचे मागचे दोन्ही कोपरे आणि चालकाच्या पायाखालची जमीन खाऊन टाकली आहे. चासीवर मात्र वरवरचाच गंज दिसतो. हातोडीने ठोकून पाहिल्यावर कोठेही पोकळ आवाज आला नाही.

माझ्याकडे दोन गाड्यांचे गॅरेज आणि एक मिग वेल्डर (वायूच्या आवरणात तार वितळवून जोडणारे यंत्र) आहे, आणि येथील कम्युनिटी कॉलेजच्या संध्याकाळच्या वर्गात मी वेल्डिंग शिकलो आहे. ट्रक प्रदर्शनात ठेवायचा नसून आठवड्यातून एक-दोनदा लाकूड, माती, रोपे आणण्यासाठी आणि अधूनमधून महामार्गावर नेण्यासाठी वापरायचा आहे. आठ वर्षांच्या मुलीलाही त्यातून फिरवण्याची इच्छा आहे. येथील मित्रांचे म्हणणे असे, की जुने इंजिन काढून भंगारातल्या अलीकडच्या ट्रकचे ५.३ लिटरचे व्ही-८ इंजिन आधी बसवावे, बाकीचे नंतर पाहावे. मला हा क्रम पटत नाही, पण त्याला उत्तर देण्याइतका अनुभव माझ्याकडे नाही. सुरुवात कोठून करावी, आणि मूळ स्वरूपातील काय राखावे?

उत्तर १ : गॅरेजवाला (ह्यूस्टन)

तुमची शंका रास्त आहे. ज्या केबिनचा खालचा पत्रा गंजलेला आहे आणि जिचे ब्रेक ५० वर्षांपूर्वीचे आहेत, तिच्यापुढे दुप्पट ताकदीचे इंजिन बसवणे म्हणजे सर्वांत शेवटचे काम सर्वांत आधी करणे होय. माझ्या मते क्रम असा असावा : प्रथम सांगाडा आणि पत्रा, मग ब्रेक व स्टिअरिंग, मग वायरिंग, आणि त्यानंतरच इंजिनाचा विचार.

पत्राकामाला हात घालण्यापूर्वी एक गोष्ट अत्यंत गांभीर्याने घ्या. १९७२ पर्यंतच्या या ट्रकमध्ये पेट्रोलची टाकी केबिनच्या आत, आसनाच्या पाठीमागे असते. तुम्हाला जे मागचे कोपरे कापायचे आणि वेल्ड करायचे आहेत, ते त्या टाकीपासून वीतभर अंतरावर आहेत. टाकी रिकामी केली एवढ्याने भागत नाही, कारण रिकाम्या टाकीतील वाफ भरलेल्या टाकीतील पेट्रोलपेक्षा अधिक धोकादायक असते. टाकी, तिच्या नळ्या आणि तोंडाची रबरी नळी हे सर्व पूर्ण काढून गॅरेजच्या बाहेर, उघड्या हवेत ठेवा. आसन, गालिचा आणि त्याखालचा जुना नमदाही काढा, कारण तो आतल्या आत धुमसत राहतो आणि काम संपवून तुम्ही घरात गेल्यावर पेट घेतो. ज्या भागावर वेल्डिंग होणार आहे तो क्लोरीनयुक्त ब्रेक क्लीनरने कधीही पुसू नका; त्याच्या अंशावर वेल्डिंगची उष्णता आणि प्रकाश पडला की फॉस्जीन हा विषारी वायू तयार होतो.

आता दारांखालच्या पत्र्याविषयी. बाहेरून दिसतो तो रॉकर पॅनेल हा केवळ मुखवटा नाही. त्याच्या आत दुसरा पत्रा असतो, आणि दोन्ही मिळून जी पेटी होते, तिच्यावर केबिनचा आकार टिकून असतो. दोन्ही बाजू एकदम कापल्या तर केबिन खाली बसते आणि नंतर दारे लागत नाहीत. म्हणून आधी दाराच्या चौकटीत चौकोनी नळीचे आडवे-तिरपे टेके वेल्ड करा, केबिन चासीवरच बोल्टने बसलेली राहू द्या, एक बाजू संपूर्ण पूर्ण करा आणि मगच दुसऱ्या बाजूला हात लावा. नवा पत्रा क्लॅम्पने धरून दार लावून पाहा, फटी सारख्या आहेत ना याची खात्री करा, त्यानंतरच टाके (वेल्डिंगचे छोटे ठिपके) मारा. इतक्या पातळ पत्र्याला ०.०२३ इंचांची तार आणि ७५ टक्के आर्गॉन व २५ टक्के कार्बन डायऑक्साइड असे मिश्रण योग्य ठरते. सलग रेघ ओढू नका. दूरदूर टाके मारत, प्रत्येक टाका थंड होऊ देत, हळूहळू मधल्या जागा भरा. सलग रेघेने पत्रा वाकतो आणि मग त्यावर बोटभर जाड पुट्टी भरण्याची वेळ येते.

चासीखाली जाताना फक्त जॅकवर विसंबू नका, वजन पेलणाऱ्या घोड्या लावा. जुन्या रंगात शिसे असण्याची शक्यता गृहीत धरून पी-१०० गाळणीचा मुखवटा वापरा आणि कोरडे घासण्याऐवजी ओले घासा. प्राइमर आणि पोकळ भागांतील मेणाचा फवारा तुम्ही घरी करू शकता, पण हार्डनर मिसळून मारण्याचा अंतिम रंग व्यावसायिकाकडूनच मारून घ्यावा, कारण त्यातील आयसोसायनेट साध्या मुखवट्याने अडत नाही आणि त्याने जडलेला दमा आयुष्यभर सोबत करतो.

उत्तर २ : ब्रेकवाला (चाकण, पुणे)

मी ब्रेकच्या आरेखनाचे काम करतो, म्हणून फक्त त्याविषयी सविस्तर लिहितो.

तुमचा ट्रक १९६९ चा असल्याने एक महत्त्वाची गोष्ट तुमच्या बाजूने आहे. १९६७ पासून या गाड्यांना दोन कप्प्यांचा मास्टर सिलिंडर मिळाला, त्यामुळे एका बाजूची नळी फुटली तरी दुसऱ्या बाजूचे ब्रेक लागतात. त्याआधीच्या ट्रकमध्ये एक गळती झाली की चारही चाके मोकळी सुटत असत. तरीही पुढचे ड्रम आजच्या रहदारीला पुरेसे नाहीत. चालत्या गाडीतील ऊर्जा वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते. ताशी ३५ मैलांच्या तुलनेत ७० मैलांवरून थांबताना ब्रेकना चौपट उष्णता पचवावी लागते. ड्रममध्ये ती उष्णता आत कोंडते, ड्रम फुगून लायनरपासून (ड्रमला आतून घासणाऱ्या थरापासून) दूर जातो, लायनरचे घर्षणही कमी होते आणि पेडल दाबूनही गाडी हवी तशी थांबत नाही. डिस्कला हवा थेट लागते आणि पाणीही लगेच निथळून जाते. शेवरोलेने स्वतःच १९७१ पासून या ट्रकला पुढे डिस्क ब्रेक दिले, म्हणून हा बदल गाडीच्या मूळ घडणीला धरूनच होतो.

येथे एक तिढा येतो. १९७० पर्यंतच्या या ट्रकच्या, म्हणजे तुमच्याही, चाकाला सहा बोल्ट आहेत आणि १९७१ पासूनच्या ट्रकला पाच. त्या वर्षाचे मूळ सुटे भाग घेतले तर पुढची चाके पाच बोल्टची आणि मागची सहा बोल्टची होतील, एकच स्टेपनी दोन्हीकडे चालणार नाही. सहा बोल्टच्या डिस्कसह मिळणारा तयार संच घेतल्यास ही अडचण टळते. मात्र तुमच्या रिमच्या आत कॅलिपर (डिस्कला पॅडने चिमटणारा भाग) मावतो की नाही हे आधी मोजा.

नुसती डिस्क बसवून काम पूर्ण होत नाही. ड्रमसाठीच्या मास्टर सिलिंडरमध्ये सुमारे १० पीएसआय (दर चौरस इंचाला पौंड) दाब नळीत धरून ठेवणारी झडप असू शकते. डिस्कच्या मार्गात तो दाब राहिला तर पॅड सतत घासत राहतात. म्हणून पुढे डिस्क आणि मागे ड्रम अशा जोडीसाठी बनवलेला मास्टर सिलिंडर आणि सोबतची कॉम्बिनेशन व्हॉल्व्ह (पुढच्या व मागच्या ब्रेकचा दाब जुळवणारी झडप) हे दोन्ही लागतात. रिकाम्या पिकअपचा मागचा भाग मुळात हलका असतो, त्यात ब्रेक मारताना वजन पुढे सरकते. मागच्या चाकांचा दाब मर्यादित ठेवला नाही तर ती आधी घसरतात आणि ट्रक आडवा होतो.

जुन्या पोलादी नळ्या बाहेरून चांगल्या दिसल्या तरी सर्व बदला. निकेल-तांब्याच्या मिश्रधातूची नळी हाताने सहज वळते आणि मिठाला दाद देत नाही. टोकाचा फ्लेअर (फुलवलेली कड) दुहेरीच हवा. आणखी एक इशारा : जुन्या लायनरमध्ये ॲस्बेस्टॉस असू शकते, म्हणून ड्रम उघडल्यावर हवेच्या झोताने धूळ कधीही उडवू नका, ओल्या फडक्याने पुसून ते फडके पिशवीत बंद करा.

उत्तर ३ : सहा सिलिंडर (मिशिगन)

वरील दोघांशी मी सहमत आहे, पण इंजिनाविषयी माझे मत अधिक ठाम आहे. ते काढूच नका. बिडाचे हे इंजिन साधे आणि दणकट आहे, बॉनेट उघडले की त्याचा प्रत्येक भाग हाताला लागतो, आणि तुम्ही सांगितलेल्या कामाला ते पुरेसे आहे. व्ही-८ बसवायचे म्हटले, की त्यासोबत इंजिनाचे माउंट, रेडिएटर, एक्झॉस्ट, जास्त दाबाचा पेट्रोल पंप, संगणक आणि त्याचे वायरिंग, शिवाय बहुधा गिअरबॉक्स हे सारे बदलावे लागते. अशा रीतीने उघडलेले किती तरी ट्रक गॅरेजच्या कोपऱ्यात अर्धवट पडून राहतात, आणि याचे मला मनापासून वाईट वाटते.

त्याऐवजी आधी कॉम्प्रेशन (प्रत्येक सिलिंडरमध्ये तयार होणारा दाब) तपासा. ते सर्व सिलिंडरमध्ये साधारण सारखे असेल तर कार्ब्युरेटर उघडून स्वच्छ करा, रबरी नळ्या इथेनॉलला टिकणाऱ्या घ्या आणि प्लॅटिनम पॉइंट (ठिणगीची वीज जोडणारे-तोडणारे जुने संपर्क) काढून १९७५ नंतरच्या याच घराण्यातील इंजिनाचा एचईआय, म्हणजे इलेक्ट्रॉनिक ठिणगीचा, डिस्ट्रिब्युटर बसवा. जुन्या कॉइलकडे (ठिणगीसाठी जास्त व्होल्टेज तयार करणाऱ्या भागाकडे) येणाऱ्या तारेत मुद्दाम रोध ठेवलेला असतो, तर एचईआयला पूर्ण १२ व्होल्ट लागतात; म्हणून इग्निशनवर चालू होणारी नवी तार स्वतंत्र ओढावी लागते. ती जुनीच ठेवली तर महागडा डिस्ट्रिब्युटर बसवूनही ठिणगी क्षीण राहते.

वायरिंगचा संपूर्ण हार्नेस (तारांचा तयार जुडगा) नवा घेणे मी सुचवीन. ५० वर्षांत इन्सुलेशन ठिसूळ होते आणि मधल्या मालकांनी घातलेले सांधे तर शोधूनही सापडत नाहीत. त्याच वेळी व्होल्टेज रेग्युलेटर आतच असलेला अल्टरनेटर (बॅटरी चार्ज करणारा जनित्र) घ्या आणि हेडलाइटना रिले (विजेने चालणारा स्विच) लावा. पुढचे दिवे ७ इंचांचे गोल असल्याने त्यांच्या जागी एच-४ प्रकारचे, बल्ब बदलता येणारे दिवे विनासायास बसतात.

महामार्गावर जो त्रास जाणवेल तो ताकदीपेक्षा गिअरच्या प्रमाणाचा असेल. मागच्या धुरीचे प्रमाण ३.७३ असेल आणि टायरचा व्यास २८ इंच असेल, तर ताशी ६५ मैलांवर इंजिन मिनिटाला सुमारे २,९०० फेरे घेते. तेच ०.७० च्या ओव्हरड्राइव्हने (इंजिनाचे फेरे कमी करणाऱ्या वरच्या गिअरने) २,०५० च्या आसपास येतात. म्हणजे पुढे कधी पैसे खर्च करायचेच ठरले, तर ते इंजिनापेक्षा ओव्हरड्राइव्ह असलेल्या गिअरबॉक्सवर करावेत.

कोलंबसकर

तिघांचेही मनःपूर्वक आभार. इंजिन ठेवण्याचे ठरवले. दोन गोष्टी राहिल्या. टाकी काढणारच आहे, तर ती परत केबिनमध्ये बसवावी का? आणि मुलीला बसवण्यासाठी पट्ट्याचे काय करावे? सध्या फक्त कमरेचे पट्टे आहेत. ऐतिहासिक वाहनाची नंबरप्लेट स्वस्त पडते असेही ऐकले आहे.

गॅरेजवाला (ह्यूस्टन)

नंबरप्लेटचे आधी सांगतो. ओहायोत २५ वर्षांहून जुन्या वाहनाला ऐतिहासिक प्लेट मिळते, पण ती प्रदर्शने, मिरवणुका, क्लबचे कार्यक्रम आणि तत्सम वापरासाठी असते. सर्वसाधारण वाहतुकीला ती चालत नाही. तुम्ही लाकूड आणि माती वाहणार, म्हणून साधी प्लेटच घ्या. विमा मात्र असा पाहा ज्यात गाडीची किंमत आधीच उभयपक्षी ठरवून लिहिली जाते, आणि तुमचा प्रत्यक्ष वापर विमा कंपनीला स्पष्ट सांगा.

पट्ट्यांच्या बाबतीत तडजोड करू नका. आठ वर्षांच्या मुलीला बूस्टर (मुलाला उंच बसवणारे आसन) लागत असेल, तर बूस्टरसाठी खांद्यावरून येणारा तीन टोकांचा पट्टा अनिवार्य आहे, केवळ कमरेच्या पट्ट्यावर बूस्टर वापरता येत नाही. खांद्याकडचे टोक पातळ पत्र्याला बोल्ट मारून भागणार नाही. दाराच्या मागच्या खांबात जाड पोलादी पट्टी आतून वेल्ड करून त्यात नट बसवावा लागतो. केबिनचे कोपरे उघडे असतानाच हे काम सोपे जाते, म्हणून ते पत्राकामातच धरा. तोवर मुलीला ट्रकमध्ये बसवू नये असे माझे स्पष्ट मत आहे.

टाकी केबिनमध्ये परत ठेवू नका. मागच्या धुरीच्या पलीकडे, चासीच्या दोन दांड्यांमध्ये बसणाऱ्या टाक्या या ट्रकसाठी तयार मिळतात. तोंड हौद्याच्या जमिनीत किंवा बाजूला काढता येते, आणि केबिनच्या बाजूचे जुने भोक तुम्ही पत्र्याने बंद करू शकता किंवा दिसण्यासाठी नुसते झाकण ठेवू शकता. धुरी पूर्ण वर उचलली गेली तरी टाकी आणि धुरी यांच्यात मोकळी जागा उरते का, हे बसवण्यापूर्वी तपासा. टाकीसोबत येणारा सेंडर (पेट्रोलची पातळी मोजून काट्याला कळवणारा भाग) ० ते ९० ओहमचाच मागवा, नाहीतर तुमच्या डॅशबोर्डवरील मूळ काटा पेट्रोलची पातळी चुकीची दाखवील.