मदत हवी आहे: घाटात चेक इंजिन लाइट, कोड पी०१७१ आणि पी०३००

रानवाट:
मंडळी, गाडी २०१४ची पेट्रोल हॅचबॅक, तीन सिलिंडर, बीएस-४, १ लाख १० हजार किमी झालेत. आईला दर पंधरा दिवसांनी चिपळूणहून कराडला डॉक्टरांकडे न्यावं लागतं. दोन महिने झाले, कुंभार्ली घाट लागला की गाडी मिसिंग करते, पिकअप जातो आणि पिवळा दिवा लागतो. मागच्या खेपेला वळणावर मागे एसटी होती, गाडी गचके खात होती आणि आई वरचं हँडल घट्ट धरून बसली होती. सपाटीवर काही त्रास नाही.

गॅरेजात स्कॅनर लावून ‘ऑक्सिजन सेन्सर गेलाय’ म्हणाले. सेन्सर नवा बसवला, कोड पुसला. पुढच्याच घाटात दिवा परत. आता मी स्वतः ब्लूटूथचा स्कॅनर घेतलाय. वरचे दोन कोड आले. पहिल्यापुढे ‘सिस्टीम टू लीन, बँक १’ असं लिहिलंय. हा कोड नेमका कुठल्या पार्टचा? गुरुवारी पुन्हा कराडला जायचंय.

बारा नंबर पाना:
आधी एक करा, कोड पुसू नका. कोडासोबत ‘फ्रीझ फ्रेम’ साठवलेली असते, म्हणजे दिवा लागला त्या क्षणीचा आरपीएम, लोड, स्पीड, इंजिनाचं तापमान. कोड पुसला की तीही जाते. तुमच्या गॅरेजात तेच झालं.

कोड कुठल्याच पार्टचा नसतो. ‘पी’ म्हणजे इंजिन-गियरबॉक्स. पुढचं शून्य म्हणजे सगळ्या कंपन्यांना सारखाच लागू असलेला कोड. तिथे १ असता तर कंपनीचा स्वतःचा. तिसरी जागा गट सांगते: १ असेल तर हवा-पेट्रोलचं मोजमाप, ३ असेल तर स्पार्क आणि मिसफायर. पी०१७१ एवढंच सांगतो की पेट्रोल कमी पडतंय किंवा हवा जास्त येतेय. ही तक्रार सायलेन्सरच्या पाइपातला ऑक्सिजन सेन्सरच पोचवतो, म्हणून बिचारा पहिला तोच बदलला जातो. पी०३०० म्हणजे एकाच सिलिंडरला न धरता होणारं मिसिंग. पेट्रोल कमी पडलं तर तेही ओघानं आलंच.

ॲपमध्ये शॉर्ट टर्म (त्या क्षणीचा) आणि लाँग टर्म (शिकून ठेवलेला) फ्युएल ट्रिम बघा, म्हणजे कॉम्प्युटर पेट्रोल किती टक्के वाढवतोय किंवा घटवतोय तो आकडा. एकदा आयडलिंगला, एकदा चढावर. आकडे शेजारी बसलेल्याला लिहायला सांगा, तुम्ही रस्त्याकडे बघा.

रानवाट:
भावाला घेऊन गेलो होतो. फ्रीझ फ्रेम: आरपीएम ३१००, लोड ८४ टक्के, तापमान ९१. लाँग टर्म आयडलिंगला +४, चढावर +२३.

बारा नंबर पाना:
मग बरंच स्पष्ट झालं. +१० पर्यंत चालतं. +२३ म्हणजे कॉम्प्युटर इंजेक्टर जास्त वेळ उघडे ठेवून कमतरता भरून काढायला बघतोय. कुठे हवा खेचत असती किंवा सेन्सरच्या आधी सायलेन्सर लीक असता, तर आयडलिंगलाच आकडा चढला असता आणि रेस केल्यावर उतरला असता. तुमचं उलटं आहे. जेवढी मागणी जास्त तेवढं पेट्रोल अपुरं. पंप, त्याची जाळी, फिल्टर बघा. फ्युएल प्रेशर गेज लावून घ्या, पण उभ्या गाडीवर प्रेशर बरोबर दिसलं तरी समाधान मानू नका; लोडवर टिकतं का ते बघायला सांगा. आणि दिवा लुकलुकायला लागला तर ॲक्सिलरेटरवरून पाय काढा. तेव्हा न जळलेलं पेट्रोल कॅटॅलिटिक कन्व्हर्टरमध्ये (धूर स्वच्छ करणारा भाग) जाऊन तो खराब होतो.

रानवाट:
दुसऱ्या फिटरकडे पंप उतरवला. जाळीवर तपकिरी गाळ, बोटाला चिकटत होता. जाळी आणि फिल्टर बदलला, कोड न पुसता घाट चढलो. +६! गाडीनं एकदाही गचका खाल्ला नाही. खूप आभार, दादा. पण दिवा अजून चालूच आहे. गुरुवारी आईला घेऊन निघू का?

बारा नंबर पाना:
निघा. दिवा विझायला बिनदोषाच्या सलग तीन फेऱ्या लागतात, आणि या दोन कोडांसाठी कॉम्प्युटरला दोष आला तसाच आरपीएम आणि लोड पुन्हा दिसावा लागतो. सपाटीवर कितीही फिरवलीत तरी ते मोजलं जाणार नाही. घाट तसाही तुमच्या वाटेवर आहेच. तोवर एकदा प्लग काढून बघा, १ लाख १० हजारला बघायलाच हवेत.