ध्यानाआधीचा प्राणायाम: कुंभक कधी सुरू करावा आणि मात्रा कशा वाढवाव्यात?

पहाटवारा

नमस्कार मंडळी. सध्याचा सराव असा आहे: पहाटे साडेपाच, रिकामं पोट, स्वस्तिकासन, नाडीशुद्धीची (आलटून-पालटून एकेका नाकपुडीने श्वास) बारा आवर्तनं, पूरक (श्वास घेणं) ४ मात्रा आणि रेचक (श्वास सोडणं) ८ मात्रा, मात्रा म्हणजे साधारण एक सेकंद, कुंभक (श्वास रोखणं) नाही. तीन महिने हे नीट चाललंय. गेल्या आठवड्यात पोथीतलं १:४:२ (पूरक:कुंभक:रेचक) प्रमाण धरून ४:१६:८ सुरू केलं. पहिली दोन आवर्तनं बरी जातात. तिसऱ्या-चौथ्यापासून रेचक आठ मात्रा टिकत नाही, पाचव्यालाच श्वास सुटतो आणि पुढचा पूरक हपापल्यासारखा आत ओढला जातो. नंतर कपाळ जड राहतं आणि ध्यानाला बसलं की मन आधीपेक्षा जास्त धावतं.

मला विचारायचंय ते हे: १:२ वरून १:४:२ पर्यंत मधल्या पायऱ्या कोणत्या? बंध (कुंभकात गळा, पोट वगैरे आवळून धरणं) कुठल्या पायरीला लावायचे? आणि प्राणायाम संपवून ध्यानात शिरताना मोजणं कधी सोडायचं?

शनैःशनैः

तुमची उडी मोठी झाली. ४:८ मध्ये एक श्वास १२ मात्रांचा, ४:१६:८ मध्ये २८ मात्रांचा. म्हणजे मिनिटाला पाच श्वासांवरून एकदम दोनावर आलात. श्वास रोखल्यावर जी घुसमट होते ती बहुतांशी प्राणवायू कमी पडल्यामुळे होत नाही, रक्तातला कार्बन डायॉक्साइड वाढल्यामुळे होते. पहिल्या आवर्तनात थोडा साठतो, रेचकात पूर्ण जात नाही, दुसऱ्यात त्यावर भर पडते. उधारी चढत जावी तसं. म्हणून पहिली दोन बरी आणि चौथ्याला घाई. डोकं जड होण्याचं कारणही तेच, कारण या वायूने मेंदूकडच्या रक्तवाहिन्या रुंदावतात.

आधी कसोटी सांगतो, पायऱ्या मागून. कुंभक किती वेळ जमला याला महत्त्व देऊ नका, त्यानंतरचा रेचक आणि रेचकानंतरचा पूरक बघा. रेचक शेवटच्या मात्रेपर्यंत एका धारेत उतरला आणि पुढचा पूरक हळू, विनाआवाज सुरू झाला तर प्रमाण बरोबर. पूरकाच्या सुरुवातीला नाकपुडी आत ओढली गेली, खांदे किंचित उचलले गेले, घशात आवाज आला, की प्रमाण जास्त झालं. मग त्याच आवर्तनात नाही, पण दुसऱ्या दिवशी एक पायरी खाली यायचं. पिंजलेल्या कापसाचा एक तंतू नाकपुडीसमोर चार बोटांवर धरा. रेचकात तो सुरुवातीला जितका हलतो तितकाच शेवटी हलायला हवा. सुरुवातीला फडफडून शेवटी थांबत असेल तर पहिल्या तीन मात्रांतच सगळा श्वास सांडतोय.

आता पायऱ्या. तुमचं ४:८ पक्कं आहे, तर आधी कुंभक न घालता ५:१० आणि मग ६:१२ करा. ६:१२ मध्ये दहा आवर्तनांना (एका आवर्तनात दोन श्वास) सहा मिनिटं लागतात आणि मिनिटाला श्वास तीन-साडेतीन होतात. हे कमीत कमी तीन आठवडे करा. त्यानंतर कुंभक घालताना पूरक पुन्हा ४ वर आणायचा. इथे बहुतेकांचं चुकतं. ६:१२ जमलं म्हणून ६:६:१२ करायला जातात आणि एका दिवसात दोन गोष्टी वाढवतात. क्रम असा ठेवा: ४:२:८, मग ४:४:८, ४:६:८, ४:८:८. प्रत्येकाला किमान दोन आठवडे. वरची कसोटी सलग दहा दिवस, दहाही आवर्तनांत, पहिल्यापासून शेवटच्यापर्यंत उतरली तरच पुढे. ४:८:८ च्या पुढे, म्हणजे ४:१२:८ आणि ४:१६:८, समोर बसून बघणारा शिक्षक असल्याशिवाय जाऊ नये असं माझं स्पष्ट मत आहे. आणि खरं सांगायचं तर ध्यानासाठी त्याची गरजही पडत नाही. घेरंडसंहितेत (हठयोगाचा जुना ग्रंथ) उत्तम २० मात्रांचा (२०:८०:४०), मध्यम १६ आणि अधम १२ मात्रांचा असे दर्जे दिलेत. त्यातला सर्वांत खालचाही १२:४८:२४ होतो! ते वाचून आपलं प्रमाण ठरवू नये.

मात्रा मोजण्याबद्दल. घुसमट होऊ लागली की मनातले आकडे धावतात. सोळा मोजता पण सेकंद बाराच झालेले असतात, आणि रेचकात आठ म्हणता तेव्हा पाचच. आठवड्यातून एकदा मिनिटाला साठ ठोक्यांचा मेट्रोनोम लावून तपासा, रोज नको. एरवी डाव्या हाताच्या बोटांच्या पेरांवर आवर्तनं मोजा. चार बोटं, तीन-तीन पेरं, बारा आवर्तनं. त्यामुळे मन फक्त मात्रांपुरतं मोकळं राहतं.

हाताचंही बघा. तर्जनी आणि मध्यमा तळव्याकडे दुमडलेल्या, अंगठा उजवीकडे, अनामिका-करंगळी डावीकडे. नाकाचं हाड संपून मऊ भाग सुरू होतो तिथे अलगद टेकवायचं, चिमटा काढायचा नाही. उजवा कोपर छातीला चिकटला की बरगड्या फुलत नाहीत, हवेत उचलून धरला की खांदा आखडतो आणि मान उजवीकडे कलते. दहाव्या आवर्तनाला मान सरळ आहे का ते आरशात एकदा बघाच.

निरांजन

वरच्या प्रतिसादाशी सहमत, पण बंधांबद्दल थोडं. जालंधर बंध (हनुवटी गळ्याकडे आणून घसा मिटणं) कुंभक लांबल्यावर कधीतरी लावायचा असं नाही. चार मात्रांचा कुंभक असला तरी सुरुवातीपासून सवय लावावी. हठप्रदीपिकेत (हाही हठयोगाचा ग्रंथ) क्रम स्वच्छ दिलाय: पूरकान्ते तु कर्तव्यो बन्धो जालन्धराभिधः। कुम्भकान्ते रेचकादौ कर्तव्यस्तूड्डियानकः॥ पूरक संपला की जालंधर, कुंभक संपताना आणि रेचक सुरू होताना उड्डियान (पोट आत-वर ओढणं).

कृती: पूरक संपला, दोन्ही नाकपुड्या बंद. एक आवंढा गिळल्यासारखं करा, म्हणजे घसा आपोआप मिटतो. मग छाती वर उचला आणि हनुवटी गळ्याखालच्या खाचेकडे आणा. क्रम उलटा झाला, म्हणजे छाती तशीच ठेवून मान खाली ओढली, की मानेमागे ताण येतो आणि हनुवटी कधीच टेकत नाही. टेकली नाही तरी चालेल, जोर लावू नका. सोडताना आधी मान वर, मग नाकपुडी मोकळी, मग रेचक. हनुवटी दाबलेली असतानाच श्वास सोडला तर दाब कानांत जातो, कान गच्च होतात. तुमचं कपाळ जड होण्यात याचाही वाटा असू शकतो. बंध न लावता सोळा मात्रा रोखत असाल तर चेहऱ्यावर आणि डोळ्यांवर ताण येत असणार.

मूलबंध (गुदाजवळचे स्नायू आत आवळणं) हलकाच, जालंधरासोबत. उड्डियान सध्या प्राणायामात नको. तो वेगळा, उभं राहून, गुडघ्यांवर हात ठेवून, श्वास पूर्ण बाहेर टाकून शिका.

ज्ञानेश्वरीच्या सहाव्या अध्यायात मूलबंध, जालंधर आणि वोढियाणा (म्हणजे उड्डियान) तिन्ही आलेत. ते वर्णन अतिशय देखणं आहे आणि मनन करण्यासारखं आहे. पण ते साधकाच्या शरीरात काय काय घडतं याचं वर्णन आहे, मात्रा-आवर्तनांचं कोष्टक नव्हे. ओव्या वाचून थेट बंध लावायला बसू नये.

आणि हे ठळक लिहितो: रक्तदाब, हृदयविकार, काचबिंदू, हर्निया, फिट्स येण्याचा त्रास किंवा गरोदरपण असेल तर कुंभक नाही आणि बंधही नाहीत. मानेचे मणके झिजले असतील तर निदान जालंधर नाही. १:२ आयुष्यभर केलं तरी ध्यानाला कमी पडत नाही.

शनैःशनैः

निरांजन, दोन-चार मात्रांना जालंधराची सक्ती मला पटत नाही. नवशिक्याचं सगळं लक्ष हनुवटीकडे जातं आणि रेचक बिघडतो. मी ४:६:८ पासून सांगतो. पण सोडण्याचा क्रम तुम्ही दिलाय तोच, यात दुमत नाही.

सह्यकडा

कपालभातीचा (पोटाच्या झटक्याने श्वास बाहेर टाकणं) उल्लेख कुणी केला नाही म्हणून लिहिते. पुष्कळ ठिकाणी आधी पंधरा मिनिटं कपालभाती आणि मग नाडीशुद्धी असा क्रम सांगतात. हठप्रदीपिकेत कपालभाती षट्कर्मांत (शुद्धीच्या सहा क्रिया) येते, आठ कुंभकांत (प्राणायामाचे आठ प्रकार) नाही. ती सफाई आहे. सेकंदाला एक ठोका, ३० ते ४० ठोके, तीन फेऱ्या, मध्ये प्रत्येकी अर्धा-एक मिनिट साधा श्वास. एवढं पुरे. ठोका बेंबीखालून आत, पूरक आपोआप. खांदे उडत असतील, चेहरा वाकडा होत असेल तर वेग कमी करा.

जास्त केल्यावर काय होतं, तर पहाटवारांना होतंय त्याच्या उलट. कार्बन डायॉक्साइड गरजेपेक्षा जास्त बाहेर जातो, मेंदूकडच्या रक्तवाहिन्या आकसतात, डोकं हलकं होतं, ओठांभोवती आणि बोटांच्या टोकांना मुंग्या येतात. याला कुणी आध्यात्मिक अनुभव समजतात. तसं समजू नये, थांबावं. खरा उपयोगाचा क्षण फेरी संपल्यावर येतो. श्वास घ्यावासाच वाटत नाही असे काही सेकंद जातात. तिथे काहीही न करता बसायचं.

जास्त प्राणवायू मिळतो म्हणून प्राणायाम, हा समजही सोडून द्यावा. लोणावळ्याला १९२४ मध्ये कैवल्यधाम काढणाऱ्या स्वामी कुवलयानंदांनी प्राणायामाचा प्रयोगशाळेत अभ्यास केला आणि फायदा तिथे शोधू नका असंच मांडलं.

दुसरं, नाक. एक नाकपुडी नेहमी जरा बंद असते आणि काही तासांनी बाजू बदलते, हा आजार नव्हे. पण बंद बाजूने आठ मात्रांचा रेचक होत नाही आणि माणूस जोर लावतो. बसण्याआधी पाच-दहा मिनिटं डाव्या कुशीवर पडलं की उजवी मोकळी होते, उजव्या कुशीवर पडलं की डावी. योगदंड (कुबडीसारखी काठी) काखेत धरतात तो याचसाठी. सर्दी असेल तर जलनेती (एका नाकपुडीतून पाणी घालून दुसरीतून काढणं): अर्धा लिटर पाणी, उकळून कोमट केलेलंच, त्यात एक सपाट चमचा मीठ. मीठ कमी पडलं तर नाक झोंबतं. नंतर पुढे वाकून, दोन्ही नाकपुड्या मोकळ्या ठेवून हलके श्वास सोडा. एक दाबून जोरात शिंकरलं तर पाणी कानाकडे जातं. नाक पूर्ण चोंदलेलं असेल त्या दिवशी नाडीशुद्धी सोडून फक्त भ्रामरी (भुंग्यासारखं गुंजन करत रेचक) करा.

पहाटवारा

सगळ्यांचे मनापासून आभार. मानेचा क्रम माझा चुकतच होता. उद्यापासून ५:१०.

तिसरा प्रश्न राहिला, त्यात एक भर घालतो. ४:८ नंतर नुसतं बसल्यावर कधीकधी श्वास इतका बारीक होतो की चालू आहे की नाही कळत नाही. तेवढ्यात दचकल्यासारखं होऊन एक मोठा श्वास घेतला जातो आणि सगळं मोडतं. इथे काय करावं?

निरांजन

इथे पोचलात हीच मोठी गोष्ट आहे, आणि तुम्ही ती कुंभक न करता गाठलीत. पतंजली प्राणायामाचं फळ सांगताना म्हणतात: धारणासु च योग्यता मनसः। मन धारणेला (एका जागी टिकून राहायला) लायक होतं, एवढंच. दीर्घसूक्ष्म हा शब्दही त्यांचाच. श्वास लांब होतो तसा बारीक होतो.

दचकण्याचं कारण साधं आहे. शरीर स्थिर, स्नायू सैल, त्यामुळे गरजच थोडी उरलेली असते आणि श्वास तेवढाच चालतो. मनाला मात्र सवयीने वाटतं की थांबला. तो मोठा श्वास आला तर येऊ द्या. त्याला अडवू नका, त्यानंतर श्वास पुन्हा बारीक करायचा प्रयत्नही करू नका. दोन-तीन साधे श्वास होऊ द्या, तो स्वतःहून उतरतो. मुद्दाम बारीक केलेला श्वास म्हणजे चोरून केलेला कुंभक. त्यातून पुन्हा घुसमट आणि पुन्हा दचकणं.

मोजणं एकदम सोडू नका, उतरवत न्या. शेवटचं आवर्तन डावीकडच्या रेचकाने संपवा, हात खाली घ्या. पाच-सात भ्रामरी, गुंजन कमी आवाजात, जबडा सैल, दातांत फट. मग मात्रा सोडून फक्त रेचक मोजा, एक ते दहा, दोन वेळा. मग आकडेही सोडा आणि नाकाच्या टोकाशी आत येणाऱ्या हवेचा गारवा आणि बाहेर जाणारीची ऊब एवढंच बघा. तेही पुसट झालं की रेचक संपून पूरक सुरू होण्याआधीची जागा. ती लांबवायची नाही, फक्त चुकवायची नाही. मन पळालं तर एक पायरी मागे, आकड्यांवर. पहिल्यापासून नाही.

वेळेचा हिशेब: पंधरा मिनिटं प्राणायाम असेल तर निदान वीस मिनिटं बसणं. उलटं असेल तर तुम्ही दारातच झाडलोट करत बसलात आणि घरात गेलाच नाहीत.

शनैःशनैः

यात एकच जोडतो. दिवसभर चिडचिड, रात्री झोप उथळ, टाळू गरम वाटणं, यांतलं काहीही सलग तीन दिवस दिसलं तर कुंभक सात दिवस पूर्ण बंद आणि ४:८ वर परत. यथा सिंहो गजो व्याघ्रो भवेद्वश्यः शनैः शनैः। तथैव सेवितो वायुरन्यथा हन्ति साधकम्॥ सिंह, हत्ती, वाघ जसे हळूहळू वश होतात तसाच वायू, नाहीतर तो साधकालाच मारतो.

पहाटवारा, तुमचं कपाळ आत्ताच जड आहे. तेव्हा उद्या ५:१० नको. आठ दिवस ४:८, तेही बाराऐवजी आठच आवर्तनं. जडपणा पूर्ण गेल्यावर ५:१०.