लघवीची जळजळ जात नाही, नेहमीची गोळी लागू पडेना. कल्चर करावं का?

काजूबोंड
गुहागर तालुक्यातल्या माझ्या मोठ्या जाऊबाईंसाठी विचारतेय. वय बावन्न, पाळी गेलेली, शुगर नाही. पावसाळ्यापासून वरचेवर लघवीला जळजळ, सारखं जावंसं वाटतं आणि होते थेंबभर. घरचे म्हणतात उन्हाळी लागलीय. धणे-जिऱ्याचं पाणी, सब्जा, कोकम सरबत सगळं झालं. दर वेळी बाजारातल्या मेडिकलमधून चिठ्ठीशिवाय नॉरफ्लॉक्सासिन ही अँटिबायोटिकची गोळी आणतात, या खेपेला मात्र पूर्ण पट्टी संपली तरी फरक नाही. दुकानदार आता 'जास्त पॉवरची' सेफिक्झिम देतोय. ताप नाही. चिपळूणला नेऊन कल्चर (लघवीतले जंतू लॅबमध्ये वाढवून बघायची तपासणी) करावं का? त्या म्हणतात, एवढ्याशासाठी दिवस कशाला मोडायचा.

खाडीकाठ
सेफिक्झिमची पहिली गोळी पोटात जायच्या आधी कल्चरला द्या. गोळी सुरू झाली की जंतू प्लेटवर वाढत नाहीत आणि रिपोर्ट उगाच 'नो ग्रोथ' येतो. मी लॅबमध्ये काम करते, म्हणून सविस्तर लिहिते.

'युरीन रूटीन' नको, 'कल्चर अँड सेन्सिटिव्हिटी' सांगा. रूटीनमध्ये पस सेल (पूच्या पेशी) दिसतील, पण कुठलं औषध चालेल ते कळणार नाही. निर्जंतुक डबी लॅबमधूनच घ्या. जागा साध्या पाण्यानं पुढून मागे धुवायची, पहिली धार सोडून द्यायची आणि मधली डबीत धरायची. डबीच्या आत बोट लागू देऊ नका, झाकण पालथं ठेवू नका. सॅम्पल दोन तासांत लॅबमध्ये पोचायला हवं. आमच्याकडे बायका सकाळी सातला भरलेली डबी पिशवीत टाकून, एसटीनं येऊन, बाजार उरकून अकराला आणून देतात. तोवर उकाड्यात जंतू डबीतच वाढलेले असतात, आणि मग नसलेलं दुखणं रिपोर्टात दिसतं. त्यापेक्षा लॅबमध्ये येऊनच द्या. घरूनच आणायचं तर मासळीच्या थर्माकोलच्या पेटीत बर्फ घालून आणा. रिपोर्टला दोन-तीन दिवस लागतात.

दापोलीचा डॉक्टर
खाडीकाठ यांच्याशी शंभर टक्के सहमत. असं बहुतेक इन्फेक्शन ई. कोलायमुळे होतं. हा जंतू आपल्याच आतड्यात राहतो आणि बायकांचा मूत्रमार्ग आखूड असल्यानं मूत्राशयात सहज चढतो. सर्दीला किंवा जुलाबाला उगाच घेतलेलं अँटिबायोटिकसुद्धा आतड्यातल्या या जंतूंवर पडतं. साधे मरतात, दाद न देणारे उरतात, वर प्रतिकाराची जनुकं शेजारच्या जंतूंनाही देतात. आयसीएमआरचं (भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेचं) या प्रतिकारावरचं सर्वेक्षण २०१३ पासून चालू आहे. नॉरफ्लॉक्सासिन, सिप्रोफ्लॉक्सासिन या गटाला आणि सेफिक्झिमच्या गटाला आपल्याकडचे ई. कोलाय फारसे जुमानत नाहीत, हेच त्यात दिसतं. म्हणजे 'जास्त पॉवर' हा निव्वळ भ्रम आहे. शिवाय सेफिक्झिम शेड्यूल एच-१ या सरकारी औषधयादीत आहे. १ मार्च २०१४ पासून ती चिठ्ठीशिवाय द्यायचीच नाही, दुकानदारानं वेगळी नोंदवही ठेवायची.

थंडी वाजून ताप, कुशीत दुखणं किंवा उलट्या सुरू झाल्या तर रिपोर्टची वाट पाहू नका, थेट दवाखाना गाठा. इन्फेक्शन मूत्रपिंडापर्यंत गेलेलं असू शकतं.

बंदरावरची
अगो, दिवस मोडला तरी चालेल, पण ने तिला. आमच्या बंदरावर लिलावाला बसणाऱ्या बायका पहाटेपासून पाणीच पीत नाहीत, कारण जायला धड संडास नाही. तीच गत आंब्याच्या पॅकिंगला जाणाऱ्यांची. तुझ्या जाऊबाई कामावर पाणी पितात का, ते आधी विचार.

काजूबोंड
सगळ्यांचे मनापासून आभार. रिपोर्ट आला. ई. कोलाय, एका मिलिलिटरमागे एक लाखाच्या वर. नॉरफ्लॉक्सासिन, सिप्रो, सेफिक्झिम तिन्हींपुढे आर. नायट्रोफ्युरँटॉइन, फॉस्फोमायसिन, अमिकासिन यांच्यापुढे एस. अमिकासिनचं इंजेक्शन घेतलं तर लवकर बरं वाटेल का? आणि हो, कामावर त्या जेमतेम तांब्याभर पाणी पितात.

दापोलीचा डॉक्टर
आर म्हणजे औषध चालणार नाही, एस म्हणजे चालेल. पण एस दिसलं म्हणून इंजेक्शनकडे धावू नका. अमिकासिननं मूत्रपिंडाला आणि कानाला त्रास होऊ शकतो, ते गरज पडली तर हाताशी राहू दे. मूत्राशयापुरत्या इन्फेक्शनला नायट्रोफ्युरँटॉइन उत्तम. ते जंतूवर एकाच वेळी अनेक ठिकाणी घाव घालतं, म्हणून इतकी वर्षं वापरूनही टिकून आहे. साधारण पाच दिवसांचा कोर्स असतो, जेवणासोबत घ्यायचा. लघवी गडद पिवळी-तपकिरी झाली तर घाबरायचं नाही. मूत्रपिंड कमजोर असेल तर मात्र हे चालत नाही, म्हणून क्रिएटिनिन (मूत्रपिंडाचं काम दाखवणारी रक्ततपासणी) बघून घ्या. फॉस्फोमायसिन ही एकदाच घ्यायची पुडी, तोही पर्याय आहे. यातलं काय द्यायचं ते त्यांना तपासणारे डॉक्टर ठरवतील, माझ्या इथल्या लिहिण्यावर गोळी आणू नका.

पाळी गेल्यावर योनीमार्ग कोरडा पडतो, तिथले चांगले जंतू कमी होतात आणि असं इन्फेक्शन परतून येतं. सहा महिन्यांत दोनदा किंवा वर्षात तीनदा झालं असेल तर इस्ट्रोजेन क्रीमबद्दल स्त्रीरोगतज्ज्ञांना जरूर विचारा. बायका हे लाजेनं विचारत नाहीत आणि वर्षानुवर्षं गोळ्या खात राहतात, याचं फार वाईट वाटतं.

खाडीकाठ
त्रास थांबला की पुन्हा कल्चर करायला येऊ नका, गरज नसते. रिपोर्टचा कागद मात्र जपून ठेवा, पुढच्या वेळी डॉक्टरांना तो आधी दाखवा.