मुंबई ते न्यूयॉर्क : थेट न्यावं की लंडनमार्गे? मदत हवी आहे

मंडळी, आईबाबा डिसेंबरात ताईकडे न्यूयॉर्कला निघालेत. अंतर साधारण १२,५०० किलोमीटर. थेट विमानाला जाताना १५-१६ तास, येताना मागून वारा मिळतो म्हणून थोडे कमी. आईचे पाय जरा वेळ लोंबकळले तरी घोट्याशी सुजतात, चपलेचा पट्टा रुततो. दुबईमार्गे पहिला टप्पा जेमतेम ३ तासांचा आणि पुढचा पुन्हा १४ चा, मग उतरून फायदा काय? लंडनमार्गे निदान प्रवास निम्मा-निम्मा होतो. पण हीथ्रोवर टर्मिनल बदलावं लागलं तर व्हीलचेअर पुढच्या विमानाच्या दारापर्यंत मिळते का? मधे किती तास ठेवावेत? सत्तरीतल्या कुणाला असं नेलं असेल तर कृपया सांगा. बाबांचं एकच पालुपद, ‘एकदा बसलं की सुटलो!’