मदत हवी आहे: हृदयाभोवतीची चरबी एका इकोत ९ मिमी, दुसऱ्यात ५ मिमी. कोणता आकडा धरायचा?

सांजवात
काकांचं वय ५८, उंची १६८ सेंमी, वजन ६६ किलो, कंबर ९६ सेंमी. रक्तदाब गोळी चालू असताना १३४/८४, एचबीए१सी (तीन महिन्यांची सरासरी साखर) ६.१. छातीत दुखणं, धाप, काही नाही. नेहमीच्या तपासणीत टू-डी इको (हृदयाची सोनोग्राफी) केला. रिपोर्टात ‘उजव्या कप्प्यासमोर एपिकार्डियल फॅट ९ मिमी’ असं लिहिलंय. बारा दिवसांनी दुसरीकडे केला, तिथे ‘५ मिमी, थोडं पाणी असू शकेल’. पंपिंग दोन्हीकडे ६० टक्के.
बारा दिवसांत चरबी एवढी उतरणार नाही, मग फरक कशाने? ती चरबी की पाणी? आणि वजन फार नसताना हृदयावर चरबी का साठते, तिच्याने ब्लॉकेज होतं का?

ताम्हण
फरक बहुतेक मोजण्यातला आहे. ही चरबी मऊ असते. हृदय प्रसरण पावताना ती दाबली जाते आणि पातळ दिसते. म्हणून आकुंचनाच्या शेवटच्या क्षणी चित्र थांबवून मोजायची. पॅरास्टर्नल लाँग ॲक्सिसमध्ये (छातीच्या हाडाशेजारून घेतलेल्या हृदयाच्या उभ्या छेदात), उजव्या कप्प्याच्या मोकळ्या भिंतीवर, महाधमनीच्या झडपेच्या कड्याच्या रेषेत, भिंतीला काटकोनात, आणि तीन ठोक्यांची सरासरी घ्यायची. एकाने आकुंचनात मोजलं, दुसऱ्याने प्रसरणात, की तिथेच आकडे फाटतात. प्रोब तिरका धरला तर थर उगाच जाड दिसतो.

दुसरी नेहमीची चूक म्हणजे हृदयावरणाच्या बाहेरची चरबीही मापात घेणं. आतली ती एपिकार्डियल, बाहेरची ती पॅराकार्डियल. मधली पांढरी रेघ शोधून तिच्या आतलंच मोजायचं.

पाण्याबद्दल: पाणी इकोत काळंभोर दिसतं आणि रुग्ण आडवा असल्यामुळे आधी मागच्या बाजूला साठतं. चरबी करड्या रंगाची, दाणेदार दिसते आणि स्नायूबरोबर हलते. फक्त समोरच पट्टा असेल आणि मागे काही नसेल, तर ती बहुधा चरबीच. दोन्ही इकोंच्या व्हिडिओ क्लिपा एकाच डॉक्टरांना दाखवा. नुसत्या कागदांची तुलना करून हे सुटणार नाही.

मुळाक्षर
आतल्या-बाहेरच्या चरबीतला फरक फार महत्त्वाचा आहे. बाहेरच्या चरबीला रक्त छातीच्या भिंतीकडच्या धमन्यांमधून मिळतं. आतल्या चरबीला मात्र करोनरीच्याच (हृदयाला रक्त पुरवणाऱ्या धमन्यांच्या) फांद्या रक्त पुरवतात, आणि तिच्यात व हृदयाच्या स्नायूत पडदाच नसतो. करोनरी धमन्या या चरबीतूनच जातात. निरोगी अवस्थेत ती स्नायूला इंधन म्हणून फॅटी ॲसिड पुरवते, धमन्यांना गादीसारखा आधारही देते. फुगली की तिच्यातून इंटरल्युकिन-६, टीएनएफ-अल्फा असे दाह वाढवणारे पदार्थ सुटतात आणि संरक्षक ॲडिपोनेक्टिन घटतं. हे पदार्थ शेजारच्या धमनीच्या भिंतीत बाहेरून आत झिरपू शकतात. डाव्या कर्णिकेलगतची चरबी वाढली तर एट्रियल फिब्रिलेशनची (ठोके अनियमित होण्याची) शक्यताही वाढते, म्हणून रिपोर्टात डाव्या कर्णिकेचं माप बघा.

जर्मनीतल्या हाइन्त्स निक्सडॉर्फ रिकॉल अभ्यासात ४,०९३ जणांना सुमारे ८ वर्षं पाहिलं. या चरबीचं आकारमान दुप्पट असलेल्यांत हृदयविकाराच्या घटनांचा धोका साधारण दीडपट दिसला, बाकीचे धोके हिशेबात धरूनही. हा संबंध आहे. कारण म्हणून तो अजून पूर्ण सिद्ध झालेला नाही.

वजनाचं म्हणाल तर बीएमआय २३.४ येतो, पण भारतीय पुरुषांसाठी कमरेची मर्यादा ९० सेंमी आहे. पुण्याच्या केईएम रुग्णालयातले डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांनी वर्षानुवर्षं हेच दाखवलंय, की वजन बेताचं असूनही भारतीयांच्या अंगात चरबी जास्त असू शकते. २००४ साली त्यांनी आणि ब्रिटनच्या डॉ. युडकिन यांनी ‘द लॅन्सेट’मध्ये स्वतःचे आकडे छापले होते: दोघांचा बीएमआय २२.३, शरीरातली चरबी मात्र युडकिन यांची ९.१ टक्के आणि याज्ञिकांची २१.२. काकांच्या बाबतीत वजनकाट्यापेक्षा टेपवर विश्वास ठेवा.
लिपिड प्रोफाइल कुठाय? तुम्ही दिलंच नाही.

सांजवात
राहून गेलं. एलडीएल १४२, ट्रायग्लिसराइड २१०, एचडीएल ३६. चरबी नक्की मोजण्यासाठी सीटी काढावा का?

ताम्हण
केवळ चरबी मोजायला नको. करोनरी कॅल्शियम स्कोअर (सीटीवर धमन्यांत साठलेल्या कॅल्शियमचं माप) काढायचा असं डॉक्टरांनी ठरवलं, तर त्याच स्कॅनवर ती मोजता येते. इंजेक्शन लागत नाही, काप ३ मिमीचे, ईसीजीशी जुळवलेले. हृदयावरण आखून घेतलं की त्याच्या आतल्या उणे १९० ते उणे ३० हाउन्सफील्डमधल्या (हे सीटीवरच्या घनतेचं एकक) ठिपक्यांची बेरीज म्हणजे चरबी. साधारण १२५ मिलिलिटरच्या वर असेल तर ती जास्त मानतात. सहसा रिपोर्टात फक्त कॅल्शियमचा आकडा येतो, म्हणून स्कॅनच्या आधीच विचारा. कॉन्ट्रास्ट (शिरेतून टोचलेलं रंगद्रव्य) दिलेल्या स्कॅनवरचा आकडा याच्याशी ताडून पाहू नका, कॉन्ट्रास्टने घनता बदलते.

मुळाक्षर
या चरबीसाठी म्हणून वेगळं औषध देत नाहीत. पण एलडीएल १४२, वाढलेले ट्रायग्लिसराइड, मधुमेहाच्या उंबरठ्यावरची साखर आणि रक्तदाब एकत्र असताना स्टॅटिनचा (कोलेस्टेरॉल उतरवणाऱ्या गोळीचा) निर्णय लांबवू नये, या आठवड्यात डॉक्टरांशी बोला.

व्यायामाने ही चरबी हलते, आणि याचा पुरावा चांगला आहे. डेन्मार्कमधल्या एका चाचणीत आठवड्यातून तीनदा ४५ मिनिटं, १२ आठवडे व्यायाम करवला. व्यायाम न करणाऱ्यांच्या तुलनेत दमसासाच्या व्यायामाने एपिकार्डियल चरबी सुमारे ३२ टक्के आणि वजनं उचलण्याच्या व्यायामाने सुमारे २४ टक्के घटली. बाहेरची चरबी मात्र फक्त वजनांच्या व्यायामानेच घटली. तेव्हा नुसत्या संध्याकाळच्या शतपावलीवर भागणार नाही. दम लागेल असं चालणं आणि स्नायूंचा व्यायाम दोन्ही हवेत. त्याआधी डॉक्टरांना विचारून स्ट्रेस टेस्ट (चालताना-धावताना काढलेला ईसीजी) लागते का ते ठरवा. चालताना छाती भरून आली किंवा जबडा, डावा हात दुखला, तर मिलिमीटर बाजूला ठेवून त्याच क्षणी रुग्णालय गाठा.

सांजवात
दोन्ही क्लिपा पेनड्राइव्हवर मागवल्या आहेत. भेट शुक्रवारची ठरली.

ताम्हण
कंबर त्या दिवशी सकाळी उपाशीपोटी, श्वास सोडल्यावर, शेवटची बरगडी आणि कमरेचं हाड यांच्या बरोबर मध्ये मोजून न्या. पुढचा इको त्याच मशीनवर करा, आणि मोजमाप आकुंचनाच्या शेवटी घेतलंय हे रिपोर्टात लिहून मागा.