शब्दचर्चा : फायबरमधलं ‘पॅसिव्ह’ म्हणजे निष्क्रिय?

– बडोद्यात दांडिया बाजारातल्या आमच्या जुन्या वाड्याच्या जिन्यात फायबरची, म्हणजे काचेच्या धाग्यातून येणाऱ्या इंटरनेटची, डबी ठोकली आहे. एक धागा आत, आठ धागे बाहेर. परवा तासभर वीज नव्हती, पण राउटर इन्व्हर्टरवर असल्यामुळे नेट चालूच. मग या डबीला वीज कुठून मिळते, असं जोडणी करणाऱ्या मुलाला विचारलं. म्हणाला, ‘आने लाइट नथी जोइती, पॅसिव छे.’ जिन्यात मराठीत सूचना लावायची आहे. कोशात ‘निष्क्रिय’ सापडतं, पण आठ घरांना वाटणी करणारीला निष्क्रिय कसं म्हणू?

– निष्क्रियच लिहा. वीजशास्त्रात रोधक, धारित्र यांना निष्क्रिय घटक म्हणतातच. बाहेरून ऊर्जा घेऊन संदेश वाढवत नाही, एवढाच त्याचा अर्थ. आळशी नव्हे.

– काका, पाठ्यपुस्तकात चालेल, जिन्यात नाही. निष्क्रिय म्हटलं की लोकांना बंद पडलेलं खातं आठवतं. शिवाय ‘पॅसिव्ह व्हॉइस’ला आपण निष्क्रिय प्रयोग कुठे म्हणतो? कर्मणी म्हणतो. मूळ लॅटिन धातूचा अर्थ सोसणे, ‘पेशंट’ही त्यातलाच. म्हणून माझं मत ‘सोशिक’ला. (हसा खुशाल.)

– हसलो, पण सोसणं खरं आहे. मी हेच काम करतो. स्प्लिटरच्या, म्हणजे या वाटणीच्या डबीच्या, आत काचेच्या चिपवर प्रकाशाची वाट दुभंगत जाते : एकाचे दोन, दोनाचे चार, चाराचे आठ. दर वेळी निम्मं, म्हणजे आमच्या मापात ३ डेसिबल घट. तीन वेळा ९, वर डबीचं स्वतःचं थोडं, मिळून १० च्या आसपास. आम्ही ‘लॉस’ म्हणतो, ‘क्षय’ कोणी म्हणत नाही. अ‍ॅटेन्युएटर तर मुद्दाम लॉस करायलाच लावतात, प्रकाश जास्त झाला तर रिसीव्हर गडबडतो म्हणून. त्याला ‘क्षीणक’ बरा आहे. धाग्याच्या टोकाला असतो त्या हिरव्या कनेक्टरला मात्र मराठी नाव शोधू नका. त्याचं टोक ८ अंश तिरकं घासलेलं असतं, परतणारा प्रकाश बाजूला जावा म्हणून. सरळ टोकाच्या निळ्यात खुपसलं की घोटाळा. तिथे रंगच शब्दाचं काम करतो.

– बडोद्याचा विषय निघालाच आहे म्हणून : १९३१ साली इथल्या संस्थानाने ‘श्रीसयाजीशासनशब्दकल्पतरु’ काढला, राज्यकारभाराचे शब्द आठ भाषांत. शेजारच्या भाषा मांडून शब्द निवडायची इथली जुनी रीत आहे. मग त्या मुलाच्या गुजराती वाक्यातच उत्तर नाही का? ‘लाइट नको’ म्हणजे बिनविजेचा. बिनविजेचा वाटप-डबा!

– मावशी, ‘बिनविजेचा’ घेतला, ‘वाटप-डबा’ रेशनच्या दुकानासाठी ठेवू. पण ‘लाइट’ शब्द टाळावा लागला. आपल्याकडे लाइट म्हणजे वीज, आणि या डबीतून जातो तो निव्वळ प्रकाशच! तोही १४९० नॅनोमीटर तरंगलांबीचा, डोळ्यांना न दिसणारा. शेवटी लावलेली सूचना अशी : ‘हा स्प्लिटर बिनविजेचा आहे. याला वीज जोडू नये. धागे दुमडू नयेत.’ शेवटचं वाक्य अनुभवाचं. गेल्या महिन्यात मीच धागा दाराच्या बिजागरीत अडकवला होता, राउटरवर लाल दिवा लुकलुकायला लागला.

– ‘दुमडू’ नको, ‘वाकवू’ लिहा. दुमडेपर्यंत वाट पाहिलीत तर धागा तुटतो; लॉस त्याच्या कितीतरी आधी, नुसत्या घट्ट वळणावरच सुरू होतो.

– बदलतो.