मदत हवी आहे: कोलाजेन पावडर पोटात गेल्यावर गुडघ्यापर्यंत पोचते का? (आई माळकरी आहे)

नमस्कार मंडळी,

मी कोल्हापुरात राजारामपुरीत राहते, माहेर शिवाजी पेठेत. प्रश्न आईबद्दल आहे. लांबलाय, पण अर्धवट सांगितलं तर उत्तरही अर्धवटच मिळेल, म्हणून सगळं लिहिते.

आई ६४ वर्षांची, वजन ५८ किलो. दोन्ही गुडघे दुखतात, उजवा जास्त. दिवाळीनंतर एक्स-रे काढला. गादी झिजत आलीय, ऑपरेशनची वेळ अजून आलेली नाही, वजन सांभाळा आणि व्यायाम करा, असं डॉक्टरांनी सांगितलं. व्यायामाचा कागद दिला होता, तो फ्रिजवर लावलेला आहे, पण व्यायाम काही होत नाही. पूर्वी ती पहाटे अंबाबाईला चालत जायची. आता रिक्षानं जाते आणि घाटी दरवाजाच्या पायऱ्या एकेक करून, कठड्याला धरून उतरते. ते बघून जीव तुटतो.

तिच्या भजनी मंडळातल्या एकीनं ओळखीच्या माणसाकडून कोलाजेन पावडरचा डबा आणून दिला. २०० ग्रॅम, १,६५० रुपये. रोज १० ग्रॅम कोमट पाण्यातून. म्हणजे २० दिवसांत डबा संपतो. पहिला संपला, दुसरा चालू आहे. पैसे वडिलांच्या पेन्शनमधून जातात. आई म्हणते थोडं हलकं वाटतंय. खरंच वाटतंय की पैसे घातलेत म्हणून वाटतंय, ते मला कळत नाही.

गेल्या रविवारी मी गेले तेव्हा डबा हातात घेऊन नीट वाचला. अक्षरं इतकी बारीक की मोबाइलची बॅटरी लावावी लागली. एका कोपऱ्यात चौकोनात तपकिरी त्रिकोण, म्हणजे मांसाहारी. घटकांमध्ये "हायड्रोलाइज्ड मरीन कोलाजेन", आणि त्याच्यापुढं मासा. विकणाऱ्यानं आईला "समुद्री वनस्पतीचं आहे" असं सांगितलं होतं. आईनं पंढरपुरात माळ घातली त्याला ११ वर्षं झाली. घरात भावासाठी मटण झालं तर ती त्या दिवशी स्वयंपाकघरात पाऊल टाकत नाही. अजून तिला सांगितलेलं नाही. डबा होता तिथं ठेवला आणि घरी आले. तेव्हापासून झोप नीट नाही.

आता प्रश्न. मी कॉमर्सची. शाळेत शिकलेलं एवढंच आठवतं की प्रोटीन पोटात तुटतं आणि त्याची अमिनो आम्लं होतात. मग कोलाजेन खाल्लं तर ते कोलाजेन म्हणून गुडघ्यात जाईलच कसं? डब्यावर तर "९० टक्क्यांहून जास्त शोषण" असं लिहिलंय. ते खोटं आहे का? माझा दीर म्हणतो, हे सगळं पांढऱ्या रश्श्यात असतंच. आमच्याकडं (सासरी) रविवारचं अळणी (मटणाचं बिनतिखट पाणी) उरलं की फ्रिजमध्ये ठेवतात, सकाळी पातेलं तिरकं केलं तरी ते सांडत नाही, नुसतं थरथरतं. ते आणि ही पावडर एकच का? आणि वनस्पतीचं कोलाजेन असं काही खरंच मिळतं का? मिळत असेल तर आईला ते आणून देता येईल आणि जुन्या डब्याचा विषय कदाचित काढावाच लागणार नाही.

हो, चार वर्षांपूर्वी तिला मुतखडा झाला होता. त्याचा इथं संबंध नसावा, पण सांगून ठेवते.

जाणकारांनी कृपया सांगा. "सगळं थोतांड आहे" एवढंच लिहू नका. आईला समजावून सांगायचं तर मला आधी कळायला हवं.

प्रतिसाद १

ताई, मी इचलकरंजीला बायोकेमिस्ट्री शिकवतो. तुम्हाला शाळेतलं जे आठवतंय ते बरोबर आहे. त्याला एक अपवाद आहे आणि सगळी जाहिरात त्या अपवादावर उभी आहे. सावकाश सांगतो.

कोलाजेन म्हणजे कातडं, हाडं आणि सांध्यांतलं प्रोटीन. ते तीन पदरी कासरा समजा. प्रत्येक पदरात दर तिसरं अमिनो आम्ल ग्लायसिन, बाकीच्यांत प्रोलिन आणि हायड्रॉक्सीप्रोलिन भरपूर. हा तीन पदरांचा पीळ १९५४ मध्ये मद्रास विद्यापीठात जी. एन. रामचंद्रन आणि गोपीनाथ कार्था यांनी मांडला. आपल्या देशात झालेलं हे काम आहे, म्हणून वर्गात मी ते नेहमी आवर्जून सांगतो. कातडं-हाडं पाण्यात बराच वेळ शिजली की पीळ सुटतो, त्याचं जिलेटिन होतं. तुमच्या पातेल्यात थरथरतं ते हेच. पावडर करणारे या जिलेटिनवर एन्झाइम घालून त्याचे आणखी तुकडे करतात. मूळ एका पदराचं वजन १ लाख डाल्टनच्या (रेणूचं वजन मोजायचं एकक) आसपास, पावडरीतले तुकडे साधारण २ ते ५ हजारांचे. म्हणून ती पाण्यात विरघळते आणि गार झाल्यावर गोठत नाही. म्हणजे आई डबा उघडते तेव्हाच त्यात अखंड कोलाजेन नसतं.

जठरात आम्ल आणि पेप्सिन हे तुकडे आणखी तोडतात. लहान आतड्याच्या तोंडाशी स्वादुपिंडाचा रस येतो, त्यातली ट्रिप्सिन, कायमोट्रिप्सिन वगैरे मंडळी उरलेलं काम पुढं नेतात, आणि शेवटची कातरणी आतड्याच्या अस्तरावरच होते. सुटी अमिनो आम्लं आपापल्या वाटेनं आत जातात. दोन किंवा तीन जोडलेली असतील तर त्यांना आत घेणारा पेप्ट-१ नावाचा वेगळा वाहक आहे. त्याहून लांब साखळी त्याला चालत नाही. आत गेल्यावर यातल्याही बहुतेक जोड्या फुटतात.

अपवाद इथं येतो. प्रोलिनचा आकार वळलेल्या कडीसारखा असतो, त्यामुळं त्याचा जोड नेहमीच्या एन्झाइमना सहज तुटत नाही. प्रोलिन-हायड्रॉक्सीप्रोलिन ही जोडी बऱ्याचदा तशीच्या तशी रक्तात उतरते. २००५ मध्ये जपानी संशोधकांनी माणसांना कोलाजेन पेप्टाइड, म्हणजे असेच तुकडे, देऊन रक्तात ही जोडी मोजून दाखवली. एक-दोन तासांत तिचं प्रमाण सर्वात वर जातं. तेव्हा ९० टक्के शोषणाचा दावा मी खोटा म्हणणार नाही. दुधातलं प्रोटीनही इतकंच शोषलं जातं, फक्त दुधाच्या पिशवीवर ते कुणी लिहीत नाही.

पण शोषण म्हणजे आतड्याची भिंत ओलांडून रक्तात येणं, एवढंच. तिथून गुडघा लांब आहे. गुडघ्यातली गादी, म्हणजे कूर्चा, तिच्यात रक्तवाहिन्याच नसतात. तिला जे मिळतं ते सांध्यातल्या वंगणातून झिरपून मिळतं. शिवाय खाल्लेलं हायड्रॉक्सीप्रोलिन शरीराला नव्या कोलाजेनमध्ये घालताच येत नाही. पेशी आधी साधं प्रोलिन ओवते आणि साखळीत बसल्यावर त्याचं हायड्रॉक्सीप्रोलिन करते. त्या कामाला क जीवनसत्त्व लागतं. ते मिळालं नाही की हिरड्यांतून रक्त येतं, तो स्कर्व्ही म्हणजे कोलाजेन नीट न बनण्याचाच आजार.

वनस्पतीत कोलाजेन नसतं, ताई. त्या नावानं मिळतं त्यात बहुधा क जीवनसत्त्व आणि काही अमिनो आम्लं असतात.

प्रतिसाद २

आमचं चप्पल लाईनला दुकान आहे, त्यामुळं यातलं थोडं हातानं माहीत आहे. कातडं म्हणजे बहुतांश कोलाजेनच. कच्चं कातडं ओलं ठेवलं तर कुजतं, उकळलं तर त्याचा सरस होतो, सुतार लाकूड चिकटवायला वापरायचे तो. तेच कातडं बाभळीची साल आणि हिरड्याच्या पाण्यात मुरवलं की साल-हिरड्यातला तुरट अंश त्या धाग्यांना धरून बसतो, मग ना ते कुजत ना विरघळत. वर सरांनी लिहिलंय तो तीन पदरी पीळ वाचून पहिल्यांदा लक्षात आलं की आजोबा कशाला एवढे दिवस कातडं मुरवायचे. तुमच्या प्रश्नाला याचा थेट उपयोग नाही, पण राहवलं नाही.

माझ्या आईनंही घेतली होती ही पावडर, सहा महिने. तिला फरक पडला नाही. दुसऱ्या कुणाला पडला असेल, मी नाही म्हणत नाही.

प्रतिसाद ३

मुतखड्याचा संबंध आहे! मी आहारतज्ज्ञ आहे, म्हणून घाईनं लिहितेय.

वर ज्या हायड्रॉक्सीप्रोलिनचा उल्लेख आलाय ते वापरता येत नाही, मग शरीर ते यकृतात आणि मूत्रपिंडात मोडतं. मोडताना ग्लायऑक्झिलेट तयार होतं आणि त्यातला काही भाग ऑक्झलेट होऊन लघवीतून जातो. बहुतेक मुतखडे कॅल्शियम ऑक्झलेटचेच असतात. २००६ च्या एका अभ्यासात निरोगी माणसांना ३० ग्रॅम जिलेटिन दिल्यावर लघवीतलं ऑक्झलेट वाढलेलं दिसलं. आईंचा डोस त्याच्या तिसऱ्या हिश्शाचा आहे हे खरं, पण त्यांना खडा आधी झालेला आहे आणि त्या रोज घेताहेत. डॉक्टरांना विचारेपर्यंत पावडर बंद ठेवा आणि पाणी किती पितात ते बघा. खडा कशाचा होता याचा रिपोर्ट असेल तर सोबत न्या.

प्रोटीन म्हणूनही कोलाजेन अपुरं आहे, त्यात ट्रिप्टोफॅन हे गरजेचं अमिनो आम्ल अजिबात नसतं. ५८ किलोच्या बाईला दिवसाला साधारण ४८ ग्रॅम प्रोटीन लागतं. दोन्ही वेळा वाटीभर घट्ट आमटी, दूध-दही, मूठभर शेंगदाणे, मोड आलेली मटकी यांतून माळकरी माणसाचं ते भागतं. सोबत पेरू किंवा लिंबू. आधी त्या रोज काय खातात ते दोन दिवस लिहून काढा. आपल्याकडं या वयाच्या बायका रात्री नुसता भात आणि ताक घेऊन झोपतात, आणि नेमकं तिथंच कमी पडतं.

मूळ लेखिका

सगळ्यांचे मनापासून आभार. मुतखड्याचं मी लिहिणारच नव्हते, शेवटी सुचलं म्हणून लिहिलं. आता वाचून हातपाय गार पडलेत. पावडर आज बंद करते. सर, एक विचारते. मग आईला हलकं वाटतंय ते काय? आणि पावडरचा कुणालाच उपयोग होत नाही का?

प्रतिसाद १ (पुन्हा)

आईंना हलकं वाटतंय ते खोटं समजू नका. गुडघ्याचं दुखणं तसंही कमी-जास्त होत राहतं, आणि काहीतरी उपाय चालू आहे या भावनेनंही दुखणं कमी जाणवतं.

उपयोगाचं म्हणाल तर ती प्रोलिन-हायड्रॉक्सीप्रोलिनची जोडी शरीरात निव्वळ विटेसारखी वापरली जात नाही, ती इशाऱ्यासारखं काम करते असं म्हणणारे शास्त्रज्ञ आहेत. प्रयोगशाळेत त्वचेच्या पेशींवर तिचा परिणाम दिसतो. २०१७ मध्ये ८ तरुणांना १५ ग्रॅम जिलेटिन क जीवनसत्त्वासह देऊन तासाभरानं ६ मिनिटं दोरीवरच्या उड्या मारायला लावल्या, तेव्हा रक्तातली कोलाजेन बनण्याची खूण दुपटीनं वाढली. पण ते तरुण होते, आणि उड्या मारत होते. सुरकुत्यांवरच्या २३ चाचण्यांचा एकत्र आढावा २०२५ मध्ये आला. ज्या चाचण्यांना कंपन्यांचा पैसा नव्हता, त्यांत फायदा दिसला नाही.

गुडघ्याच्या बाबतीत माझं मत याहून कडक आहे. त्वचेतल्या कोलाजेनचं अर्धायुष्य (अर्धं बदलायला लागणारा काळ) सुमारे १५ वर्षं आणि कूर्चेतल्याचं १०० वर्षांहून जास्त, असं मोजमाप २००० साली प्रसिद्ध झालं. जे शरीर स्वतः आयुष्यभरात जवळपास बदलत नाही, ते २० दिवसांच्या डब्यानं भरून येईल ही आशा मी तुमच्या आईंना दाखवणार नाही. तो फ्रिजवरचा कागद काढा. सांध्याची हालचाल झाली की वंगण कूर्चेत दाबलं जातं आणि बाहेर येतं, तिचं पोषण त्यातूनच होतं. मांडीच्या स्नायूत जोर आला की गुडघ्यावरचा भारही कमी होतो.

त्रिकोणाचं मात्र आईंना सांगा. पर्याय शोधून ते झाकायला जाऊ नका. माळ त्यांची आहे.

मूळ लेखिका

काल जाऊन आले. सांगितलं.

आधी गुडघ्याचं सांगितलं, मग खड्याचं, आणि शेवटी त्रिकोणाचं. डबा समोर ठेवला आणि बॅटरी लावून दाखवला. ती बराच वेळ काही बोलली नाही. गळ्यातल्या माळेचा एकेक मणी फिरवत बसली. मग म्हणाली, "मासा होता का गं त्यात?" मी हो म्हटलं. उठून तिनं चूळ भरली, देवापुढं हात जोडले आणि परत येऊन बसली. रडेल असं वाटलं होतं. रडली नाही. मीच रडले.

सोमवारी डॉक्टरांकडं जातोय, खड्याचा जुना रिपोर्ट सापडलाय. व्यायामाचा कागद फ्रिजवरून काढला. पहिला प्रकार सोपा आहे: पाय लांब करून बसायचं, गुडघ्याखाली टॉवेलची गुंडाळी ठेवायची आणि गुडघा खाली दाबून पाच आकडे मोजायचे. आई आकडे मोजत नाही, पाच वेळा विठ्ठल म्हणते. उजव्या पायाला दहावेळा जमलं.

निघताना चप्पल घालत होते तर आतून हाक आली. मंडळातल्या आणखी दोघींनी त्याच माणसाकडून डबे घेतलेत, दोघीही माळकरी. "त्यांना कोण सांगणार? नंबर लावून दे," म्हणाली. पहिलीला फोन लावून दिला आणि मी परत आत जाऊन बसले.